शारजातून आणलेला डेक

शारजाच्या जुन्या सामानाच्या बाजारात मी तीन वर्षं जवळपास दर शुक्रवारी कॅसेट वाजवणारा डेक शोधत होतो. डेक सोडून बरंच काही सापडलं. उलटाच फिरणारा वॉकमन सापडला. एक देखणा लाकडी रेडिओ सापडला, त्याच्या आत फक्त मुंग्या होत्या. तबकड्यांचा एक गठ्ठा सापडला, सगळा लष्करी संचलनाच्या बँडचा. ज्या देशासाठी ते संचलन झालं तो देश आता नकाशावर नाही. दुकानातल्या यंत्रावर बँड मात्र तितक्याच खात्रीनं वाजला. मी तो गठ्ठा घेतला. अशा खात्रीनं वाजत राहणारी माणसं मला आमच्या महागाव तालुक्यातही भेटली आहेत.

डेक हवा होता मोठ्या बहिणीसाठी. आमच्या तांड्यात ती ढावलोसाठी ओळखली जायची. सासरी निघालेली मुलगी आईच्या गळ्यात पडून जे गाऊन रडते, त्याला आम्ही बंजारे ढावलो म्हणतो. आईनंही गाऊनच उत्तर द्यायचं असतं. बहिणीच्या लग्नात बापानं टेपरेकॉर्डर तिच्या पायाशी ठेवून तिचा ढावलो भरून घेतला होता. पुढे बाप गेला, टेपरेकॉर्डर गेला, कॅसेट पत्र्याच्या पेटीत राहिली.

तीन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरमुळे नागपूरला बहिणीचं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून ती पाटीवर लिहिते, आणि फोनवर नखानं टकटक करते. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी गळ्यात पडून गाईल तेव्हा आईकडून काही ऐकू आलं पाहिजे, एवढीच तिची मागणी होती. मी फोनवर विचारलं, मांडवात कॅसेट लावायची का? एक टकटक आली. लोक हसतील, म्हटलं. दोन टकटक आल्या.

यवतमाळला एकदा प्रयत्न झाला होता. दुकानदारानं कॅसेट कुठल्याशा गाडीतल्या टेपमध्ये घातली, आणि आवाज येण्याआधीच सुरुवातीची हातभर फीत चघळून परत दिली. वर म्हणाला, "आता कोन आयकते हे, भाऊ? पेनड्राइव घ्या." त्यानंतर बहिणीनं कॅसेट घराबाहेर जाऊ दिली नाही. म्हणजे यंत्रानंच घरी यायला हवं होतं.

शेवटी डेक मिळाला तो एका म्हाताऱ्या मल्याळी दुकानदाराकडे. तपासून बघायला त्यानं खणातून एक बिननावाची कॅसेट काढून लावली. बाईचा आवाज आला. गाणं नव्हतं, बोलणं होतं. मागं कुठे तरी कोंबडी ओरडत होती, बादली आपटत होती. दुकानदाराचा हात बटणावरच राहिला.

"बोलती है, छत के खपरे बदल दिए," तो थोड्या वेळानं म्हणाला. "बोलती है, छोटी को चश्मा लगा."

फोन महाग होते तेव्हा त्यांच्याकडची माणसं अशी बोलती पत्रं पाठवायची, असं त्यानं सांगितलं. ही कुणा मेलेल्या माणसाच्या खोलीतल्या सामानाबरोबर आली होती. बाई कोण, त्यालाही ठाऊक नव्हतं. डेकबरोबर त्यानं ती मला देऊन टाकली. मीही घेतली. फुकट मिळालेली वस्तू परदेशातही नाकारवत नाही.

नागपूरपर्यंत डेक विमानातून आला आणि पुढे यवतमाळमार्गे एसटीत माझ्या मांडीवर. शेजारच्या माणसानं खोकं उघडायला लावलं, आत पाहिलं आणि माझ्याविषयीचा आदर आवरता घेतला. "येवढ्या दूर गेलते, अन् हे आनलं?" त्यानं विचारलं. तिकडे टीव्ही भेटत नाहीत का, हेही विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेक लावला. बहीण, तिची मुलगी, आमची याडी म्हणजे आई, आणि मी. चघळलेला भाग मी पेन्सिलीनं पुढे सरकवला. बहिणीनं पदर नीट केला, जणू फोटो काढायचा होता. मी बटण दाबलं.

आधी भोंग्याची शिट्टी आली. मग एक पुरुष म्हणाला, "आजचे सत्कारमूर्ती."

तो आमच्या तांड्याच्या तेव्हाच्या नाईकाचा सत्कार होता. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, टाळ्या मिळाल्या. शब्द अपुरे पडतात, असं वक्त्यानं चार वेळा सांगितलं. ते शब्द कॅसेटची अख्खी बाजू पुरले. आम्ही मधेमधे पुढे सरकवून पाहत होतो. प्रत्येक ठिकाणी तो बोलतच होता.

तेव्हा याडीला आठवलं. घरात आम्ही गोरबोली बोलतो, तिचं सांगणं इथं वऱ्हाडीत देतो. बहीण सासरी गेल्यावर आठवड्यानं बापाला तिची आठवण आली, म्हणून त्यानं कॅसेट लावली. आमच्याकडे मयतावरही बाया असंच गाऊन रडतात, आणि रडणाऱ्या बाईला एकटीनं रडू देणं शिष्टाचारात बसत नाही. बहिणीचा ढावलो ऐकून आजूबाजूच्या बाया धावत आल्या, पोरगी सासरी मेली असं समजल्या आणि गळ्यात गळे घालून गाऊन रडू लागल्या. टेप बंद केला तरी त्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी नाईकानं बापाला बोलावून सांगितलं, जित्या पोरीचं रडणं घरात वाजवू नये.

"तुया बापाले कोरी कॅसेट कोन देनार होतं?" याडी म्हणाली. "त्याच नाईकाचा सत्कार आला, त्यानं तो याच्यावरच भरला. मले वाटलं, रडनं दुसऱ्या बाजूनं असन."

दुसरी बाजू लावली. कुणी तरी माइकवर फुंकर मारली, दोनदा हॅलो म्हटलं. पुढे शेवटपर्यंत नुसती खरखर.

मी कॅसेट काढून पाठ पाहिली. पुसली जाऊ नये म्हणून तिथला प्लास्टिकचा कान मोडायची तेव्हा पद्धत होती. बापानं तो मोडला होता. त्याच भोकावर नंतर, पुन्हा भरता यावं म्हणून, त्यानंच चिकटपट्टीचा तुकडा लावला होता, नीट चौकोनी कापून.

भाची उठून चहा ठेवायला गेली. बहिणीनं पाटी घेतली आणि लिहिलं, "मशीन खराब असन."

मशीन चांगलं आहे, म्हटलं. तिनं त्याच वाक्याखाली रेघ ओढली. वाद घालायची माझी इच्छा नव्हती, पण पटवायला दुसरं काही जवळ नव्हतं. मी मल्याळी कॅसेट लावली. बाई स्वच्छ बोलू लागली. कोंबडी ओरडली, बादली आपटली. बहीण डेकजवळ सरकली आणि एक शब्द कळत नसताना बाजू संपेपर्यंत ऐकत बसली. चहा आला, त्यावर साय धरली.

मग तिनं लिहिलं, "हे कोन?"

माहीत नाही, मी म्हणालो.

तिनं पाटी पुसली. "जिती हाये?"

तेही माहीत नव्हतं. तिनं पाटी बाजूला ठेवली आणि डेकच्या झाकणावर नखानं एकदा टकटक केलं. मी कॅसेट मागं फिरवली.