चौदा नंबरचा शिक्का आणि प्रभूचा झगा

वासुदेवराव मुळ्ये मानपुरला क्रूसावर चढले, ही बातमी नंदानगरातल्या आमच्या घरांच्या ओळीत सकाळी साडेआठला आली आणि नऊ वाजेपर्यंत त्यांच्या हातांना खिळेही ठोकून झाले होते. खोटं कशाला बोलू, खिळे माझे. बातमी आणणाऱ्यानं नुसतं 'चढले' एवढंच सांगितलं होतं. मला ते अर्धवट वाटलं.

दुपारी वासुदेवराव बसमधून उतरले. दोन्ही तळहात शाबूत, एका हातात भोपळा. तेव्हा खरं कळलं. ते चढले होते शिडीवर. शिडी क्रूसाला टेकवलेली होती आणि क्रूसावर होता मिलच्या लूम खात्यातला नंदू, येशूच्या वेषात. सिनेमाचं शूटिंग चालू होतं आणि भर शूटिंगमध्ये वासुदेवराव शिडी चढून येशूच्या झग्याची किनार उलटी करून बघत होते.

आमच्या वासुदेवरावांना ओळखणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. मिलच्या फोल्डिंग खात्यात ते सव्वीस वर्षं चेकर होते. विणलेला ताका काचेच्या टेबलावरून सरकायचा, खालून दिवा, वरून यांचे डोळे. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, काही सुटायचं नाही. माल चांगला असेल तर ताक्याच्या टोकाला जांभळा शिक्का: 'पास', तारीख, चेकर नंबर चौदा. नसेल तर 'सेकंड'. पुढे मिल बंद पडली. देश खुला झाला असं पेपरात येत होतं, त्याच दिवसांत आमच्या गेटला कुलूप लागलं. गेट बंद झालं तरी यांचे डोळे चालूच. माझ्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गृहस्थ वाकून अंतरपाटातली गाठ दाखवत होते. भटजी 'सावधान' म्हणाले ते यांनाच, असं मी तेव्हापासून सांगत आले आहे.

ओळीच्या दुसऱ्या टोकाला शरद राहतो. राजवाड्याजवळच्या कापड बाजारात सुरतेच्या मालाची दलाली करतो. तो रोज स्कूटर पुसता पुसता यांना टोचायचा, "मुळ्येजी, मिल डुबली कशानं? खराब मालानं! बाजार खुला झाला, लोकांना फरक दिसला, खतम."

आणि रोज उत्तर एकच, "माझ्या टेबलावरून खराब ताका गेलेला नाही. एक दाखव."

नोकरी गेली, पाळी गेली, डबाही गेला. दोन वर्षं हा माणूस त्या 'एक दाखव'वर उभा होता.

आता येशूचं कसं जुळलं ते. रंगखात्यातले दौलतराव ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, वासुदेवरावांचे जुने दोस्त. मंडळीचं, म्हणजे त्यांच्या चर्चच्या लोकांचं, 'साक्ष-पत्र' नावाचं चार पानी मासिक काढतात आणि शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये व्हीसीआरवर धार्मिक सिनेमे दाखवतात. वासुदेवराव गेले होते छत्री परत करायला. बसले ते तीन तास बसले. सिनेमा संपला, लोक डोळे पुसतायत, आणि हे दौलतरावांना विचारतात, "झग्याला बगलेत शिवण का?"

दौलतराव म्हणाले, "बरोबर पकडलंस. शास्त्रात लिहिलंय, प्रभूचा झगा बिनशिवणीचा होता. वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला."

"अखंड?" वासुदेवराव उठून उभे राहिले. "कोणत्या मागावर?"

झालं. त्या दिवसापासून बिनशिवणीचा झगा कोणत्या सिनेमात आहे याचा शोध सुरू झाला. दौलतराव म्हणाले, शोधतोच आहेस तर लिहून दे. मग 'साक्ष-पत्रा'त यांचं परीक्षण यायला लागलं, शेजारी बातम्यांची चौकट. मद्रासला कोणता येशूपट हिंदीत डब होतोय, नागपूरला कोणती कॅसेट आली, सगळीकडे हे जोडकार्डं पाठवणार आणि उत्तराच्या कार्डावर स्वतःचा पत्ता आधीच लिहून ठेवणार. परीक्षण म्हणजे ताका तपासणीच. 'पाण्यावर चालणे: घोटे ओले, तळवे कोरडे. जोड दिसतो.' 'रोमन सुभेदाराच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा डाग.' 'संतांचे उपरणे वाऱ्यावर फार उडते. सुती कापड इतके उडत नाही, पॉलिस्टर आहे.' शेवटी निकाल: पास किंवा सेकंड. लोक मासिक उलटं धरून, मागच्या पानापासून वाचायला लागले.

सुनंदावहिनी, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावायच्या. "नाव वासुदेव, आणि सगळा जीव येशूच्या कपड्यांत!"

मग दौलतरावांच्या मंडळीनं स्वतःच सिनेमा काढायचं ठरवलं. कॅमेरा उदयसिंहाचा, जो एरवी लग्नांचे व्हिडिओ काढतो. बाराही शिष्य मिलचे. बसूनच होते, दाढ्या आपोआप वाढलेल्या. 'साक्ष-पत्रा'त पास असं छापून आलं की महू, रतलाम, खंडव्याच्या मंडळ्या कॅसेट मागवणार, म्हणून सगळ्यांचे डोळे वासुदेवरावांच्या शिक्क्याकडे.

मानपुरच्या टेकडीवर वारं बोचरं. नंदू कुडकुडतोय म्हणून क्रूसावरही झगा अंगावर ठेवलेला. वासुदेवराव बातमीसाठी गेलेले. लांबून त्यांना फडफडणाऱ्या झग्याच्या मागच्या घेरात काहीतरी दिसलं आणि ते ओरडले, "कट!"

"मुळ्येजी, कट मी बोलतो ना भिया!" उदयसिंह भडकला.

वरून नंदू म्हणाला, "काका, पहले मला उतरवा, मग भांडा."

हे तोवर शिडीवर. किनार उलटून पाहिली. दोन बोटं किनार आत मुडपली, खाली उतरले आणि भोपळा घेऊन घरी आले.

आमची भिंत सामाईक आहे आणि माझे कान चांगले आहेत. संध्याकाळी ऐकलं ते असं.

"शिक्का चौदाचाच आहे?" वहिनी.

"चौदाच. मिलनं शेवटचा माल कामगारांना वाटला होता, त्यातलं कापड. शिक्क्याच्या वर वीतभर उभा धागा तुटलेला. सरळ फट आहे. आणि वर मी 'पास' मारलंय."

"त्या दिवशी टेबलाचे दिवे नसतील."

"दिवे होते. तारीख गेटवर मिल बंदची नोटीस लागली त्या दिवसाची आहे. माझंच ध्यान नव्हतं."

"मग आता चुप बसा. कोणाला दिसतंय? शरदला आपणहून ताट वाढून द्यायचंय का?"

मग ते म्हणाले, "सुनंदा, मी दुसऱ्यांच्या मनगटावरचे पट्ट्याचे डाग छापतो गं."

पुढच्या शनिवारी हॉलमध्ये सिनेमा लागला. अख्खी ओळ गेली, मी सगळ्यांत पुढे. उदयसिंहाची सवय कुठे जाणार? प्रत्येक चमत्कार बदामाच्या आकारातून उघडायचा. शेवटच्या भोजनात कॅमेरा लग्नाच्या पंगतीसारखा पानापानावरून फिरला, आणि एक शिष्य घास हातात धरून कॅमेऱ्याकडे बघून हसला. पण मग क्रूसाचा प्रसंग आला. पाठमोरा नंदू, समोर कोवळा सूर्य, आणि वाऱ्यानं बाजूला फुगलेल्या झग्याच्या घेरात, वीतभर, उजेडाची एक लखलखीत रेघ!

पुढच्या बाकावरच्या आजींनी हात जोडले. "किरण आला बघा, किरण!"

बायका रडल्या. मीही रडले, लपवत नाही. दौलतराव उदयसिंहाला म्हणाले, "हे कसं रे काढलंस?"

"बस, टेक्निक है," उदयसिंह छाती फुगवून म्हणाला.

आणि सगळे वळले वासुदेवरावांकडे. ते चष्मा पुसत होते. अर्धा मिनिट पुसला. मग म्हणाले, "लेखी देतो."

लेखी आलं ते महिनाअखेरीला छापून. मी पहिली प्रत दौलतरावांच्या हातातून घेतली होती. लिहिलं होतं: 'भोजन: लांबले. बदाम: अनावश्यक. क्रूसावर झगा नसतो, पण नंदूच्या थंडीमुळे माफ. किरण: हा किरण नाही. उभा धागा तुटला आहे, लांबी एक वीत. कापड आपल्याच मिलचे. पास करणारा चेकर नंबर १४, म्हणजे मी. चूक माझी. चित्रपट पास. झगा सेकंड.'

दौलतरावांनी आधी खूप विनवलं होतं, "अरे वासुदेव, तेवढा किरण राहू दे."

"किरण ठेव ना," हे म्हणाले, "धागापण ठेव."

महूच्या मंडळीनं कॅसेट मागवली. फट कुठे आहे ते बघायचं होतं म्हणे.

आणि शरद! सकाळीच मासिक हातात घेऊन, स्कूटर न पुसता हजर. "मुळ्येजी! 'एक दाखव' म्हणत होता ना? लो, तुम्हीच दाखवला!"

वहिनी दारात आल्या, पदर तोंडाशी. ओळीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. माझी उघडीच होती.

वासुदेवराव शांतपणे म्हणाले, "दाखवला. सव्वीस वर्षांत एक, आणि कोणाच्या हातून सुटला तेही लिहिलंय. तुझ्या सुरतेच्या मालावर कोणाचा नंबर असतो रे? नाही, पहिल्या धुण्यात आटला की विचारायला बरं."

शरदनं मासिकाची घडी केली, उगाच हसला आणि स्कूटरला चार किका मारून बाजारात गेला. वहिनींनी पदर खाली घेतला आणि चहा टाकायला आत वळल्या.

एवढं सगळं झालं, मग मीच का मागे राहू? खिडकीतून म्हटलं, "काय हो वासुदेवराव, सव्वीस वर्षांत एकच ताका सुटला, आणि तोही थेट देवाच्या अंगावर?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, तुटका धागा सापडल्यावर बघतात तसं, आणि म्हणाले, "अरुंधतीबाई, मी माझा खराब माल दोन वर्षांनी का होईना, सगळ्यांसमोर परत घेतला. तुमचे ते खिळे अजून बाजारात फिरतायत."