वादळ समुद्रातच विरलं

मंडळी, बंगालच्या उपसागरातलं आपलं वादळ आज दुपारी समुद्रातच विरलं. आपल्या हवामानवेड्यांच्या ग्रुपवर सगळे हिरमुसले. गौलीगुड्याच्या दोस्ताने तर लिहिलं, "खालीपिली परेशान केलं यार!" हैदराबादेत समुद्र नाही, तरी तिकडे ढग गरगरले की आपण मोबाईलवरच्या वादळाच्या नकाशांना चिकटतो.

माझं कारण मात्र वेगळं आहे. माझी लेक समुद्रकाठच्या काकीनाड्याला दिली आहे. एरवी तिला यायला सवड नसते. वादळाचा इशारा आला की जावई तिला आणि नातीला आमच्याकडे अंबरपेठेत पाठवून देतात.

आजही त्या निघणार होत्या. बायकोने पुरणाची डाळ शिजवली, मी गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या. तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, धोका टळला. आता नाही येत."

"बरं झालं गं," मी म्हणालो. खरंच बरं झालं.

गाद्या खाली आणायला निघालो, तर माझ्या वादळांच्या नकाशांना आजवर नावं ठेवणारी बायको हळूच म्हणाली, "पुढचं कधी आहे हो?"

म्हणाली आणि तिने स्वतःच जीभ चावली.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं, मंडळी?