ग्लॉसी स्क्रीन आणि उघडं दार

सुरुवातीलाच सांगून टाकतो – या ग्रुपवरचे बहुतेक किस्से मला थापा वाटतात. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, घाटात लिफ्ट मागणारी बाई... आमच्या वर्धा जिल्ह्यात नाव घेण्यासारखा घाटसुद्धा नाही, तरी इथल्या लोकांनाही नेमकी तीच बाई भेटते. असे किस्से लिहिणाऱ्यांचे आधी डोळे तपासावेत आणि मग रात्री काय घेतलं होतं ते विचारावं, असं माझं मत होतं. अजूनही आहे. मला भूत वगैरे काही दिसलेलं नाही. जे दिसलं ते भर दुपारी, कडक उन्हात दिसलं, आणि माझ्याच धंद्यातल्या गोष्टीत दिसलं. म्हणून जास्त चिडचिड होते.

जामच्या चौकात माझं लॅपटॉप विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसातून एकदा तरी तोच प्रश्न येतो – ग्लॉसी घेऊ का मॅट? मी दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो. ग्लॉसी म्हणजे काचेसारखा चकचकीत. रंग झकास, पण समोरचं सगळं त्यात दिसतं – तुम्ही, तुमच्या मागची खिडकी, खिडकीबाहेरचा ट्रक. मॅट जरा मळकट वाटतो, पण उजेडात बसून काम करता येतं. इतकं समजावूनही गिऱ्हाईक ग्लॉसीसमोर उभं राहणार, त्यात बघून केसांवरून हात फिरवणार आणि म्हणणार, "हाच द्या भाऊ, याचा लूक भारी हाय." अरे, तुला लॅपटॉप पाहिजे की पानठेल्यावरचा आरसा? पण गिऱ्हाईकाला असं बोलता येत नाही. नातेवाइकाला येतं.

माझी मोठी बहीण सेलू तालुक्यात हिंगणीला दिलेली. भाऊजी बोर धरणाकडच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवायचे. त्यांची एकुलती एक मुलगी रुचिता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेली तेव्हा तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा होता. घरचा माणूस याच धंद्यात असताना हा गृहस्थ परस्पर वर्ध्याला गेला आणि ग्लॉसी लॅपटॉप घेऊन आला. का, तर शोरूममधल्या पोराने त्यावर वाघाचा व्हिडिओ लावून दाखवला होता. रोज वाघाच्या मागे फिरणारा माणूस काचेतल्या वाघाला भुलला. यावर काय बोलणार? तरी मी बोललोच. "भाऊजी, तुमच्या घरात हा चालणार नाही."

कारण त्यांचं घर मला पाठ होतं. पुढची एकच मोठी खोली, तिचं दार पश्चिमेला. मोबाईलला रेंज फक्त त्याच खोलीत, मागे स्वयंपाकघरात गेलं की जंगलच. बोर्डाचा प्लग समोरच्या भिंतीला, म्हणून टेबल त्या भिंतीला चिकटवलेलं, आणि त्यावर बसणाऱ्या मुलीची पाठ दाराकडे. हिवाळ्यात तिसऱ्या प्रहरी ऊन दारातून थेट टेबलापर्यंत येतं. मॅट असता तर भागलं असतं. ग्लॉसीत तिला अभ्यास नाही, अंगणातली मोटारसायकल दिसणार. भाऊजी माझं ऐकून हसले. "करू ना काई तं," म्हणाले. पुढे काय केलं ते मी कधी विचारलं नाही. मूर्खपणाची चौकशी करण्यात मला रस नसतो.

या जानेवारीत भाऊजी गेले. हार्ट अटॅक. सकाळी गाडी पुसत होते, तिथेच खाली बसले. माणूस चांगला होता, हे मी स्क्रीनचा विषय बाजूला ठेवून सांगतो.

सुतकाच्या दिवसांत रुचिताची एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा आली. पहिली फेरी ती पास झाली होती, ही दुसरी आणि शेवटची. वेळ ठरलेली, दुपारी. चुकली तर पुढची भरती पुढच्या वर्षी. आणि तिच्याकडे पुढचं वर्ष नव्हतं, कारण भाऊजींचे थोरले भाऊ भास्करराव कामाला लागले होते. घरात मयत झाली की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं – ही आपली थोर परंपरा. बाप जाऊन आठवडा झाला नाही, तर या महाशयांच्या खिशात आर्वीच्या मुलाचा फोटो. पोरगी स्वयंपाकघरात रडत बसलेली आणि हे ओसरीत बसून माझ्या बहिणीला समजावत होते, "पोरगा सेटल हाय. पोरीले नौकरी राह्यली असती तं गोष्ट वेगळी होती." म्हणजे सगळं त्या परीक्षेवर आलं. नोकरी लागली तर रुचिता नाही म्हणू शकणार होती, नाहीतर उन्हाळ्यात मांडव.

परीक्षेच्या सकाळीच मी दुकानातला एक उत्तम मॅट लॅपटॉप घेऊन हिंगणीला गेलो. तो उघडून रुचितासमोर ठेवला, तर ती म्हणाली, "मामा, पहिली फेरी ज्या मशीनवर देल्ली त्याच मशीनवर दुसरी द्या लागते. दुसऱ्यावर लिंकच नाई उघडत." कंपनीवाल्यांना मेल केला होता, उत्तर नाही. म्हणजे तोच ग्लॉसी, आणि बॅटरी गेल्यामुळे तोही प्लगजवळच. आणि तो होता कुठे? भाऊजींच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली झाकून ठेवलेला. सुतकात घरातले आरसे उलटे करून ठेवायचे असतात ना, आणि भाऊजींच्या आईच्या मते ज्यात तोंड दिसतं तो आरसा. लॅपटॉप हा आरसाच आहे, हे मी दोन वर्षं सांगत होतो. पटलं कोणाला, तर या आजीला, आणि तेही नको त्या वेळी.

परीक्षेपुरता दुपट्टा काढायला आजी तयार झाली. मी म्हटलं, आता टेबल फिरवू, म्हणजे स्क्रीनची पाठ उजेडाकडे होईल. तर टेबल फिरवायच्या जागेवरच, जिथे भाऊजींना खाली ठेवलं होतं, तिथे दिवा. तो दहाव्यापर्यंत हलवायचा नाही. बरं, दार लावू. तर दिवा आहे तोवर दारही लावायचं नाही. शेवटी चादर घेतली आणि दारावर खिळा ठोकायला गेलो. आजीने माझा हात धरला.

"दाराले पडदा नको लावू बाबू."

"आजी, उन्हानं पोरीला काही दिसणार नाही."

"तू पडदा लावशीन तं माह्या पोरानं आत याचं कुठून?"

एका परीक्षेपुढे दिवा, दार, आरसा आणि मेलेला माणूस. डोकं तडकलं माझं. पण आपल्या मुलाच्या सुतकात बसलेल्या बाईशी काय भांडायचं? काचेवर चिकटवायची अँटीग्लेअर फिल्म जामला दुकानातच राहिलेली, म्हणून ब्राइटनेस फुल केला, स्क्रीन जितका झुकवता येईल तितका झुकवला आणि देवाचं नाव न घेता बाजूला झालो.

आता नीट वाचा, कारण कमेंटमधले हुशार लोक इथेच घसरणार आहेत. परीक्षेत कॅमेरा चालू राहणार होता. मुलीच्या मागे दुसरं कोणी दिसलं की परीक्षा रद्द. कॅमेऱ्यात काय दिसतंय ते स्क्रीनच्या कोपऱ्यात लहान चौकटीत दिसत होतं – रुचिताचं काळपट डोकं आणि मागे उघडं, उन्हाने भगभगणारं दार. म्हणून मी स्वतः दारात आडवा उभा राहू शकत नव्हतो, नाहीतर तेच केलं असतं. मी स्वयंपाकघराच्या चौकटीत, कॅमेऱ्याच्या बाहेर थांबलो. तिथून तिचा चेहरा, तिरका स्क्रीन आणि बाहेरचं दार तिन्ही दिसत होतं. आजी बाहेर ओसरीत भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. बहीण माझ्या मागे, चुलीपाशी.

परीक्षा सुरू झाली आणि ऊन हळूहळू आत सरकलं. जे व्हायचं तेच झालं. स्क्रीनवर पांढरा भडका. रुचिता कधी डावीकडे झुके, कधी डोळ्यांवर हात धरून वाचायचा प्रयत्न करी. मग तिने हात खाली घेतले आणि नुसती बसून राहिली. गालावरून पाणी चाललेलं. वेळ पळत होता आणि तिला प्रश्नच दिसत नव्हता. बापाने घेतलेल्या त्या चकचकीत काचेने पोरीचं आयुष्य आर्वीला धाडलं, असं माझ्या मनात आलं. भाऊजींचा त्या क्षणी इतका राग आला होता की काय सांगू.

आणि स्क्रीनवरचा भडका गेला.

ढग आला म्हणाल. ढग आला तर सगळीकडून ऊन जातं. इथे दाराच्या दोन्ही कडांनी ऊन तसंच आत येत होतं, जमिनीवर दोन पट्टे लख्ख पडले होते, आणि मधोमध माणसाच्या रुंदीची सावली. उंबऱ्यापासून निघून टेबलावर चढलेली. खाली निमुळती, वर खांद्यांएवढी. रुचिताची पाठ, तिची वेणी, लॅपटॉप, सगळं त्या सावलीत. तिने एकदा स्क्रीनकडे टक लावून पाहिलं, डोळे पुसले आणि भराभरा उत्तरं द्यायला लागली.

मला पहिल्यांदा वाटलं, भास्करराव. हा माणूस मुद्दाम दारात येऊन उभा राहिला, परीक्षा रद्द व्हावी म्हणून. मी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. चौकटीतून अंगण दिसत होतं, मोटारसायकल दिसत होती. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या चौकटीतही दार रिकामं, भगभगीत. आणि जमिनीवर सावली.

मी मागच्या दाराने निघालो आणि घराला वळसा घालून पुढे आलो. उंबऱ्यावर ऊन पडलेलं, अंगणात चिटपाखरू नाही. भास्करराव त्यांच्या घरी झोपले होते, हे नंतर कळलं. वर बघितलं – तार नाही, फांदी नाही, लोंबणारा पत्रा नाही. मी कॅमेऱ्यात न येता कडेकडेने दाराजवळ गेलो.

"आजी, इथं कोण उभं होतं?" मी हळूच विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दाराकडे बघत होती. "मंधात काऊन येऊन राह्यला? सरक तिकडं."

मी सरकलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं कारण न विचारता ऐकलं असेल.

परीक्षा संपेपर्यंत ती सावली तिथेच होती. सूर्य खाली जातो तशी सावली लांबायला हवी, तिरपी व्हायला हवी. ही टेबलावरून हलली नाही. रुचिताने लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा दाराकडे पाहतो तर सगळ्या दारातून ऊन आत.

मी आत गेलो. तोंडातून निघालं तेही नेहमीच्या सुरातच. "या भिकार स्क्रीनवर तुला दिसलं कसं?"

"दिसलं ना मामा," ती म्हणाली. "बाबा उभे होते."

बहिणीने हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला. रुचिता मात्र शांतपणे सांगत होती. "काचीत दिसले. चेहरा नाई दिसला, उन्हाकडं पाठ होती ना. खांदा चौकटीले टेकवला होता, नेहमी टेकवत तसा. रोजच उभे राह्यत ना ते. कालेजातून येऊन मी बसली का ते दारात येऊन उभे राहून जात. मी म्हनो, बाबा, बसा न, पडदा लावू. तं म्हनत, पडद्यानं हवा बंद होते, तू लिही. दोन वर्सं असंच केलं त्याईनं. गाडीवरून थकून येत तरी."

ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. बहिणीला माहीत होती, आजीला माहीत होती. मला भाऊजी दारात तंबाखूचा खर्रा घोटत उभे दिसायचे तेव्हा मी मनात म्हणायचो, या माणसाला बसायला जागा नाही का घरात.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी त्या खुर्चीवर जाऊन बसलो. लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर माझं तोंड, मागे ऊन, आणि एक अक्षर वाचता येईना. तासभर बसलो. अंगण, चौकट, छप्पर मोजून पाहिलं, एकेका जागी बहिणीला उभं करून पाहिलं. दारात माणूस उभा केल्याशिवाय तशी सावली पडत नाही. ज्यांना धूर, ढग, मनाचे खेळ वगैरे सुचत असेल त्यांनी ते ज्ञान स्वतःजवळ ठेवावं. रडणाऱ्या मुलीला भास झाला, हे मी मान्य करतो. पण भास झालेल्या माणसाला प्रश्न वाचता येत नाहीत. आणि मी रडत नव्हतो. मी चिडलेलो होतो, चिडलेल्या माणसाला सगळं स्वच्छ दिसतं.

रुचिता निवडली गेली. भास्कररावांनी फोटो खिशातून काढला नाही असं नाही, पण तिने तो हातात न घेता "नाई" म्हटलं, आणि माझी बहीण तिच्या बाजूने उभी राहिली. आता ती नागपूरला असते. कंपनीने दिलेला लॅपटॉप मॅट आहे. निदान कंपनीत तरी अक्कल असलेली माणसं आहेत.

नागपूरला जाण्याआधी ती जुना लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात आली होती, बॅटरी बदलायला. मी बॅटरी बदलली आणि सवयीने अँटीग्लेअर फिल्म काढली. काचेवर ती चिकटवली की ग्लॉसीचा मॅट होतो, मागचं काही चमकत नाही. फिल्म मापाने कापली, कोपरा धरून सोलायला घेतला. रुचिताने स्क्रीनवर हात ठेवला.

"नको मामा. मंग त्यात मांगचं काई दिसनार नाई."

मी फिल्म गुंडाळून ठेवली आणि काच नुसती पुसून दिली.