पिस्कॅटवेतल्या चुटक्या

सन दोन हजार चोवीस, पानगळीचे दिवस. आता काय सांगू, स्वतःची फजिती सांगायची म्हणजे जिवावर येतं. पण नात मीठमसाला लावून इथे अमेरिकेत सगळ्या एडिसन गावभर सांगत सुटली आहे. त्यापेक्षा मीच सांगतो.

मी सातवी शिकलेला. जन्मभर कंडक्टरकी केली. भरलेल्या गाडीत मागून आवाज दिला तर ड्रायव्हर दचकायचा. आता मुलाकडे असतो.

नात रेवा कॉलेजात आहे. तिला लेख लिहायचा होता. विषय ब्लॅक बायकांचा संघर्ष आणि स्टेजवर उभं राहून बोलायची त्यांची कविता. आठवडाभर नुसती लॅपटॉपसमोर बसून होती.

"आजोबा, आय अ‍ॅम स्टक. हे दुःख माझं नाही. मी कशी लिहू?"

"त्यात काय? जायचं, ऐकायचं, मग लिहायचं. चल, मी येतो."

ऐकायचं, हा सल्ला माझा बरं का! लक्षात ठेवा.

शेजारच्या पिस्कॅटवे गावात एक कॉफीचं दुकान आहे. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी मागच्या खोलीत कविता होतात. नाव देईल त्याला तीन मिनिटं. घंटा झाली की उतरायचं. आणि या महिन्यात ज्याने कविता म्हटली, त्याने पुढच्या महिन्यात नाव द्यायचं नाही.

नाओमी नावाची बाई उभी राहिली. रेवा माझ्या कानात सांगत होती, "हिच्या जन्माच्या वेळी हिची आई हॉस्पिटलमध्ये ओरडत होती, काहीतरी बिघडलंय म्हणून. पण ब्लॅक बाईचं कोण ऐकतं? कुणी लक्षच दिलं नाही. थोडक्यात वाचल्या दोघी. ती बघा आई, पुढच्या रांगेत. आज पहिल्यांदा ऐकतेय."

तेवढ्यात मागून चुटकी वाजली! मग डावीकडून. मग सगळीकडून!

आता तुम्हीच सांगा, आपल्यात माणूस चुटकी कधी वाजवतो? जांभई आली की, तोंडासमोर! बाई आईचं मरणाचं दुखणं सांगते आणि ही माणसं जांभया देतात?

डोक्यावरची टोपी सारखी करून मी उठलो. कंडक्टरचा आवाज लावला.

"हॅलो! स्लीप कमिंग? गो होम! लेडी टॉकिंग! लिसन!"

रेवाने सदरा ओढला. "आजोबा, बसा ना, प्लीज!"

"तू गप्प बस. कुणीतरी बोलायला नको?"

मग काय व्हावं? सगळी खोली माझ्याकडे बघून चुटक्या वाजवायला लागली. दुप्पट जोरात!

म्हणजे आता माझ्यासुद्धा तोंडावर जांभया? मी मराठीत सुरू झालो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घंटा झाली. नाओमी उतरली.

"आजोबा," रेवा रडकुंडीला आली होती, "चुटकी म्हणजे वाहवा! टाळ्यांत शब्द बुडतात म्हणून चुटक्या. तिचं शेवटचं कडवं राहिलं. ते आईसाठी होतं."

कुणी ऐकलं नाही, याचीच ती कविता. आणि भरल्या खोलीत न ऐकणारा एकच निघाला. टोपीवाला.

मी सॉरी म्हणायला गेलो. नाओमी हसली. म्हणाली, "अंकल, तुम्हाला माइकची गरजच नाही!" आई हसली नाही. "मी रजा काढून आले होते," एवढंच म्हणाली.

रेवाचा लेख त्याच रात्री सुरू झाला. पहिलं वाक्य तिने वाचून दाखवलं: 'माझे आजोबा मध्ये बोलले.' चांगलं वाक्य आहे. मला आवडलं नाही.

पुढच्या महिन्यात मी सगळ्यांच्या आधी जाऊन नाव दिलं. नाओमीला निरोप धाडला, आईला घेऊन ये.

"आजोबा, तुम्ही कविता म्हणणार?" रेवाचा चेहरा उतरला.

"बघशील."

माझं नाव पुकारलं. माइक धरला. "लास्ट मंथ आय ईट हर टाइम. टुडे, टेक."

माइक नाओमीच्या हातात दिला आणि येऊन बसलो. तोंडावर हात ठेवला.

कविता पहिल्यापासून झाली. शेवटचं कडवं सुरू झालं. आईने डोळ्याला रुमाल लावला. मला राहवलं नाही. चुटकी वाजवली, खणखणीत.

रेवा कानाशी कुजबुजली, "आजोबा, झोप आली का?"

मी गप्प. घंटेच्या आत कडवं पूर्ण झालं. माझं देणं फिटलं.