लोहाच्या गोळ्या, केशराचं दूध

वहिनीला सहावा महिना लागला आणि आईने तिच्या लोहाच्या गोळ्या देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिल्या. रक्त कमी आहे, गोळी रोज घ्यायचीच, असं दवाखान्यात बजावलं होतं. पण शेजारच्या चाची आईला म्हणाल्या, "जिज्जी, ये गोली बच्चे को काला कर देती है." झालं. गोळ्यांच्या जागी केशराचं दूध आलं. जिना चढताना वहिनी भिंतीला टेकून उभी राहायला लागली.

हिंदी मुलखात, बिर्ला नगरातल्या आमच्या मराठी घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. जीवशास्त्र शिकते याचं कौतुक होतं, पण माझं कुणी ऐकतं असं नाही. त्यात मी काळी. आई-बाबा दोघंही उजळ. "ही कुणावर गेली?" हे ऐकतच मी मोठी झाले.

रविवारी जेवणं झाल्यावर आई वहिनीसाठी दुधाचा पेला घेऊन आली. मी विचारलं, "आई, माझ्या वेळी तू या गोळ्या घेतल्या होत्यास?"

"छे! तेव्हा कुठल्या गोळ्या? केशर मात्र नेमाने घेतलं."

"मग मी अशी कशी?"

"केशर नकली निघालं असेल," दादा म्हणाला. आई हसली नाही.

मग मी अडखळत, मध्येच हिंदीत जात, सांगितलं. रंग एका जनुकावर ठरत नाही. पुष्कळ जनुकं थोडाथोडा वाटा उचलतात, अर्धी आईकडची, अर्धी बाबांकडची. उजळ माणसातही काही सावळे वाटे असतात. तुमच्या दोघांतले ते माझ्यात एकत्र आले. गोळीने रक्त वाढतं, जनुकं बदलत नाहीत.

"आणि बाळ काळं झालं तर?" आईच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

"तर माझ्यासारखं होईल. त्यात वाईट काय, ते मला तोंडावर सांग."

आईने पेला खाली ठेवला. मी खणातून गोळ्या काढून वहिनीसमोर ठेवल्या. तिने एकदा आईकडे पाहिलं आणि पाण्याबरोबर गोळी गिळली. केशराचं दूध मी सगळ्यांदेखत पिऊन टाकलं.

"अब तो तू गोरी हो जाएगी," दादा म्हणाला.

"बघत बस," मी म्हणाले आणि पेला विसळायला गेले.