डोळे मिटून टँगो

कपाट आवरताना टँगोचे जुने बूट हाती लागले. चामड्याचा तो वास आला आणि मी सांता क्लारातल्या त्या नाचाच्या क्लासमध्ये पोचले. गाणं संपल्यावर टीचरनी अर्थ सांगितला होता. गाण्यातल्या माणसाची बायको दुसऱ्याकडे बघून हसली, म्हणून अब्रूपायी त्याने तिला भोसकलं आणि आता तो रडतोय. सगळे हळहळले, त्याच्यासाठी.

घरी येताना नवऱ्याने गाडी बाजूला घेतली. "पार्टनर बदलला की तुझे डोळे मिटतात. माझ्याबरोबर उघडे असतात."

"टँगोत मिटतातच रे," मी म्हणाले. त्या रात्रीच आमचा क्लास कायमचा कॅन्सल झाला.

पण त्याने पाहिलं ते खरं होतं. त्याच्याजवळ डोळे मिटायची हिंमत मला कधी झालीच नाही.

गॅरेजचं दार उघडतंय, तो आला. बूट मी परत मागे ढकलते.