घरचं ते खोडा

वर्ध्याच्या क्लासमध्ये आम्हाला मराठी शिकवणारे सर मूळचे जवळच्याच सिंदी (रेल्वे) गावचे. पण फळ्यासमोर उभे राहिले की काय ती जीभ, जशी काही इस्त्री करून आणलेली! 'शुद्ध वाक्य ओळखा' या प्रश्नासाठी त्यांचा एकच मंत्र होता: "घरी बोलता ते आधी खोडा. उरलं ते बरोबर." आम्ही तो वहीत चौकट काढून लिहून घेतला. नंदीबैल बरे! तोंडून चुकून 'मले' निघालं की बाकावर उभं राहायचं. आणि हेच सर बाहेर व्हरांड्यात फोनवर, "हो वं माय, येऊन राह्यलो न." त्यांना कोण उभं करणार?

मी हिंगणीहून दोन वर्षं रोज एसटीने यायचे. तलाठी व्हायचं होतं. घरी ठरलं होतं, ही परीक्षा शेवटची, मग क्लास बंद.

बाबा शेतातल्या जागलीवरून सकाळी यायचे ते लाल डोळे घेऊन. बोर अभयारण्याचं जंगल जवळ, रानडुकरं रात्रीत तुरीचा सत्यानाश करतात. चहा घेता घेता म्हणायचे, "डोयात तेल घालून राखा लागते वं." मी शहाणी त्यांना म्हणायचे, "बाबा, डोयात नाही, डोळ्यांत."

"तू डोळे म्हन, मी डोये म्हन्तो," ते हसायचे. "डुकरं दोन्हीले भेत नाईत."

परीक्षेत वाक्य आलं: शेतकऱ्याने रानडुकरांपासून पीक डोळ्यांत –––– घालून राखले. पर्याय चार: तेल, अंजन, पाणी, धूळ. 'तेल' वाचलं आणि कानात बाबांचा आवाज आला. झालं! घरचं म्हणजे चूकच. मी तेल खोडलं आणि अंजनावर क्लिक केलं. अंजन म्हणे! कसं भारदस्त वाटलं मला. जिचा बाप उभा जन्म पीक राखतो, तिने अंजन घालावं? अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

निकाल लागला. एका प्रश्नाने गेले. उत्तरतालिका पाहून सर म्हणाले, "एवढा सोपा कसा चुकला?" वर पुढच्या बॅचला फीमध्ये सवलत देऊ केली. चुलीत गेली ती सवलत! मंत्राची आठवण करून द्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी बाबा जागलीवरून आले. चहाचा कप तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "कोन्ता चुकला वं?"

"इंग्रजीचा," मी म्हटलं.

"मंग जाऊ दे," ते डोळे चोळत म्हणाले. "इंग्रजी आपल्या घरात कोनाले येते? मराठीचा असता तं तू चुकलीच नसती."